स्वखुशीने सोडलेला ऊस



बक्षिसं मिळवणाऱ्यांचं आणि रंगमंचावर उभं राहण्याची हिंमत करणाऱ्या सगळ्यांचंच मी मनापासून अभिनंदन करतो. आज मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. काही माणसांच्या मागे लोक आपणहून का जातात? खुर्ची मिळाली की हुकूम देता येतो आणि तो पाळलाही जातो. पण पाठ फिरली की तेच काम थांबतं. कोणी पाहत नसतानाही लोक ज्याचं म्हणणं पाळतात, त्याच्याकडे वेगळं असं काय असतं?

उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पाऊस जेमतेम, डोंगर उघडे, 1972 च्या दुष्काळानंतर कामासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबं आणि घराघरांत शिरलेली दारू, अशी या गावाची अवस्था होती. 1989 साली गावाने पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केलं. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदानातून पाणी अडवलं. हे सगळं कौतुकाचं आहेच. मला मात्र सर्वांत मोठी वाटते ती यानंतरची गोष्ट. विहिरींना पाणी आलं, तरी गावाचा नियम असा की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस, केळी लावायची नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात विहिरीला पाणी असताना ऊस न लावणं शेतकऱ्याला किती जड जातं, ते घरी आजोबांना विचारून पाहा. ग्रामपंचायतीच्या हाती काही पोलिसांची काठी नसते. तरी गावाने हे पाळलं.

याचं कारण भाषणात सापडत नाही. ते पाण्याच्या ताळेबंदात आहे. पावसाळा संपला की यंदा किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतील, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. आपण सोडलेलं पाणी शेजाऱ्याच्या किंवा सरपंचाच्या उसाला जात नाही, याची प्रत्येकाला खात्री असते. माणूस त्याग करायला कचरत नाही. आपल्या त्यागावर दुसरा कोणी चैन करील, याची त्याला धास्ती असते. ही धास्ती जो घालवतो, नियम आधी स्वतःवर घेतो आणि हिशेब उघडा ठेवतो, त्याच्यामागे लोक आपणहून जातात. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामायिक कुरणं, जंगलं आणि पाणीवाटप अभ्यासून जवळपास हेच सांगितलं. नियम करण्यात ते कुरण किंवा पाणी वापरणाऱ्यांचा वाटा असेल आणि नियम पाळला जातो की नाही हे त्यांना पाहता येत असेल, तर तो नियम टिकतो.

कोणी म्हणेल, धाक लागतोच. राळेगणसिद्धी गावाचं उदाहरण त्यासाठी दिलं जातं, कारण दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं खुद्द अण्णा हजारे यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. मला ते मारणं मान्य नाही. राळेगण उभं राहिलं तेही त्या माराने, असं मला वाटत नाही. दारुड्याला मारणारे पुष्कळ असतात. लष्करातून परतल्यावर आपली पुंजी गावच्या यादवबाबा मंदिराच्या दुरुस्तीला देणारा आणि त्याच मंदिरातल्या खोलीत राहणारा अण्णांसारखा माणूस विरळा. गावाने ऐकलं ते त्याचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, मोठ्या कारभारात हे कसं जमायचं? प्रवरेच्या काठी 1950 साली उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याकडे पाहा. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं विठ्ठलराव विखे पाटलांनी. अध्यक्षपदाची खुर्ची मात्र दिली पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना. अनेक गावांतल्या अनोळखी शेतकऱ्यांना विश्वास वाटायला यापेक्षा स्पष्ट खूण कोणती हवी? आपल्या एमआयडीसीतही हेच लागू पडतं. स्वतः हेल्मेट न घालता शॉपवर फिरणाऱ्या सुपरवायझरच्या सूचना फलकावरच राहतात.

तरीही एक धोका उरतो, तो भक्तीचा. विश्वास बसला की लोक प्रश्न विचारणं सोडतात, आणि चांगला नेताही तिथूनच बिघडू लागतो. म्हणून ताळेबंद एकदा मांडून भागत नाही. तो दरवर्षी मांडावा लागतो, नेता कितीही लाडका असला तरी.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी पावसाळा सरला की शिक्षकांना घेऊन हिवरे बाजारला जा. ग्रामसभेत पाण्याचा हिशेब वाचला जात असताना पुढे बसलेल्यांकडे पाहू नका. शेवटच्या रांगेतला शेतकरी उठून काय विचारतो, ते नीट ऐका.