शिष्य गुरूसारखा दिसू नये



पदवीदानाच्या दिवशी गुरूंचे ऋण मानण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. हे ऋण फेडायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो. गुरूने केले तसेच आपणही करत राहावे, असे उत्तर चटकन सुचते. मला ते पटत नाही. ज्याचे शिष्य त्याची नक्कल वाटत नाहीत तो शिक्षक खरा यशस्वी, आणि गुरूकडून पाहायला शिकून जो स्वतःचे काही पाहतो, त्यानेच ऋण फेडले, असे माझे मत आहे. त्याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. इथून, नवी मुंबईतून, खाडी ओलांडली की मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे.

भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे शंकर पळशीकर स्वातंत्र्याच्या सुमारास तिथे शिकवू लागले आणि पुढे अधिष्ठाता झाले. व्यक्तिचित्रणावर त्यांची विलक्षण पकड होती. त्यांच्या संस्कारात घडलेल्या तीन चित्रकारांकडे पाहा. वासुदेव गायतोंडे यांनी 1948 मध्ये पदविका घेतली आणि पुढे चित्रातून वस्तू आणि माणूस दोन्ही काढून टाकले. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत ते काम करत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. तय्यब मेहता यांनी मात्र मानवाकृती कधीच सोडली नाही. रिक्षावाला, कोसळणारा माणूस, महिषासुर हे त्यांचे विषय. तिसरे प्रभाकर कोलते. त्यांच्या अनेक चित्रांत एकाच रंगाचा मोठा पडदा जवळजवळ सगळा कॅनव्हास झाकतो आणि मध्येच सोडलेल्या फटींतून खालचे रंग, खालचे आकार डोकावतात. हे तिघे एकाच शिक्षकाचे विद्यार्थी आहेत, हे चित्रांवरून परक्याला ओळखता येणार नाही. पळशीकरांच्या अध्यापनाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

कोलते यांनी स्वतः 1972 ते 1994 अशी बावीस वर्षे जे. जे. मध्ये शिकवले. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर चित्रकार पाउल क्ली यांचा प्रभाव होता. क्ली जन्माने स्वित्झर्लंडचे, नागरिकत्वाने जर्मन. 1921 ते 1931 या काळात ते जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होते. त्यांच्या अध्यापनाच्या टिपणांची सुमारे 3,900 पाने आज जपलेली आहेत. बिंदू हलला की रेषा कशी होते, तोल कशाने साधतो, बाण गतीची जाणीव कशी देतो, असे प्रश्न ते मुळापासून मांडतात. ‘माझ्यासारखे रंगवा’ असा त्यांचा धडा नव्हता. म्हणूनच दूरच्या मुंबईतल्या चित्रकारालाही त्यांच्याकडून शिकता आले आणि शिकून झाल्यावर त्यांच्यापासून वेगळेही होता आले. नाझी सत्तेवर येताच 1933 मध्ये, तेव्हा ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत शिकवणाऱ्या क्ली यांना तिथून काढून टाकण्यात आले. सर्वांनी एकच पाहावे असा हट्ट धरणाऱ्या सत्तेला स्वतः पाहायला शिकवणारा शिक्षक सहन होत नाही.

यावर कोणी म्हणेल, आपली परंपरा तर घराण्यांची. तिथे गुरूचा सूर जसाच्या तसा गळ्यात उतरवावा लागतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अनुकरणावाचून हात तयार होत नाही, आणि जे. जे. मध्येही रेखाटनाचा रियाज कोणाला चुकला नाही. पण त्याच परंपरेत गायिका किशोरी आमोणकर आहेत. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून जयपूर-अत्रौली घराण्याची कठोर तालीम घेऊन त्यांनी स्वतःची गायकी घडवली. अनुकरण हा शिक्षणाचा पाया आहे. तेवढ्यावर थांबणे म्हणजे पाया घालून घर न बांधणे. आणि वेगळेपण म्हणजे मनमानी, असेही कोणी समजू नये. ‘हे तर कोणीही रंगवेल’ असे अमूर्त चित्राविषयी सहज म्हटले जाते. पण आधाराला ओळखीची वस्तू नसते तेव्हा प्रत्येक छटेची जबाबदारी चित्रकारावरच येते. गायतोंडे यांची चित्रे मोजकी का, याचे एक उत्तर या जबाबदारीत आहे.

दुसरा आक्षेप तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल: आम्ही अभियंते, आम्ही वाणिज्यचे, चित्रकारांशी आमचा काय संबंध? त्याचे उत्तर या शहरातच उभे आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी इथल्याच बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीची रचना केली, तेव्हा सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली आणि एका घराची भिंत दुसऱ्याला जोडली नाही. उद्या कुटुंबाला खोली वाढवायची झाली, तर शेजाऱ्याला धक्का लागू नये, हा त्यामागचा विचार. आज तिथली कित्येक घरे मूळ आराखड्यापेक्षा वेगळी दिसतात. आराखडा फसला, असे त्यावरून म्हणता येणार नाही, कारण बदलाला जागा त्यातच ठेवलेली होती. चांगला नियोजनकारही चांगल्या शिक्षकासारखाच, दुसऱ्याच्या निर्णयासाठी जागा सोडतो.

उद्यापासून तुमच्या हाती तयार नमुने येतील: मागच्या वर्षीचा अहवाल, वरिष्ठांची पद्धत, यंत्राने क्षणात लिहून दिलेले उत्तर. ते नीट शिका, पारखून घ्या आणि मग स्वतःला विचारा, यात माझे पाहणे कोठे आहे? आणि कधीतरी तुमच्या हाताखाली कोणी शिकायला येईल. त्याला तुमचे कसब मनापासून द्या, त्याच्याकडून मेहनत करून घ्या. पण तुमच्यासारखे होण्याची सक्ती त्याच्यावर करू नका. आपल्या शिक्षकांचा याहून मोठा सन्मान तुम्हाला करता येणार नाही.