विलायतेत सापडलेला वऱ्हाडचा धागा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत चिखलदऱ्यापर्यंत आणि फार झाले तर पचमढीपर्यंत जात. आता अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतील मुलगा अगर मुलगी परदेशी असल्यामुळे आईबापांची पावले साहजिकच समुद्रापलीकडे वळू लागली आहेत. प्रवास करून आलेली मंडळी छायाचित्रे दाखवतात, तिकडच्या स्वच्छतेची व थंडीची वर्णने करतात, आणि दोन-चार दिवसांत सारे पूर्ववत् होते. इतके द्रव्य व इतके श्रम खर्चून केलेल्या प्रवासातून घरी काय यावे, याविषयी आज मला आपणांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मी वऱ्हाडातील एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे शिक्षकाचे काम करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. माझी धाकटी मुलगी व जावई इंग्लंडात मँचेस्टरनजीक राहतात. गेल्या उन्हाळ्यात मी, आमचे कुटुंब, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे असे सहाजण महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो. निघण्यापूर्वी, मार्च महिन्यात, मी नातवंडांस अकोल्याकडील एका जिनाच्या आवारात नेले होते. सरकी वेगळी कशी होते, रुईची गाठ कशी बांधतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर मी त्यांस एक वही दिली आणि तिच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला : पूर्वी आपला कापूस या गाठींतून कोठे जात असे, आणि तेथे त्याचे काय होई? आमच्या सबंध प्रवासाची दिशा या एका प्रश्नाने ठरली.

या प्रश्नाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. 1853 साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर आठच वर्षांनी, 1861 साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग तोपर्यंत अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून, गुलामांच्या श्रमांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायर परगण्यातील चाती थांबल्या. तेव्हा साऱ्यांच्या नजरा हिंदुस्थानाकडे, आणि विशेषेकरून आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. भाव आकाशास भिडले. मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपुरास पोहोचली, आणि पुढे थोड्याच वर्षांत बडनेऱ्याहून अमरावतीस व जलंबहून खामगावास फाटे निघाले. या फाट्यांचे मुख्य प्रयोजन कापूस वाहणे हेच होते. परंतु युद्ध 1865 साली संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावून बसलेल्या कुणब्याच्या पदरी सावकाराचा कागद तेवढा राहिला.

या इतिहासाचे दुसरे टोक आम्हांस प्रथम लिव्हरपूल बंदरात भेटले. मर्सी नदीच्या काठी 1846 साली खुला झालेला आल्बर्ट धक्का आहे. तेथील वखारी लोखंड, वीट आणि दगड यांच्या असून बांधकामात लाकूड जवळजवळ टाळलेले आहे. कारण विचारता जावईबापूंनी सांगितले, की कापसासारख्या ज्वालाग्राही मालास आगीपासून वाचविण्यासाठी ही योजना होती. जिनास लागलेल्या आगीच्या वार्ता दरसाल ऐकणाऱ्या आमच्या मुलास ही गोष्ट तत्काळ पटली.

लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या भावपत्रकांत हिंदी कापसाच्या जाती त्या त्या गावांच्या नावाने छापल्या जात. भडोच, धोलेरा यांच्याबरोबरच तेथे एक नाव असे ‘ऊमरा’. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती! वऱ्हाडच्या कापसास साता समुद्रांपलीकडे आपल्या शहराचे नाव होते, हे ऐकून आमच्या कुटुंबाचा चेहरा जो उजळला तो मला विसरता येत नाही. मात्र हा अभिमान फार काळ टिकू नये असेच पुढचे ज्ञान होते. लँकेशायरचे विणकर एकंदर हिंदी कापसास ‘सुरत’ म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी जवळजवळ शिवीसारखा झाला होता. आपला कापूस आखूड धाग्याचा. वाटेत दलालांच्या हातून त्यात माती, पाणी, खडे यांची भर पडे. सूत वारंवार तुटे आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराची कमाई घटे. तेथील एका प्रार्थनासभेची गोष्ट सांगतात. धर्मोपदेशकाने देवाजवळ कापूस मागितला, तेव्हा मागून कोणी कामगार म्हणाला, की कापूस दे, पण सुरत मात्र नको!

लिव्हरपूलहून मँचेस्टर सुमारे पन्नास किलोमीटर. या दोन शहरांना जोडणारी आगगाडी 1830 सालची, जगातील अगदी पहिल्यांपैकी. मँचेस्टर येथे कापसाच्या सौद्यांचे भव्य सभागृह आहे. एके काळी तेथे हजारो व्यापारी जमत. 1968 साली सौदे कायमचे बंद झाले आणि आता त्याच सभागृहात नाटकगृह आहे. परंतु उंच भिंतीवर अखेरच्या दिवसाचे भाव दाखविणारा फलक तसाच ठेवलेला आहे. माझी नात कितीतरी वेळ मान वर करून ते आकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आबा, हे भाव ठरवीत कोण? शेतकरी, की कापड विणणारे?” मी म्हणालो, “बाळ, दोघांपैकी कोणीही नाही.” तिने ते उत्तर वहीत टिपले आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. शिक्षकाच्या जन्मात असे प्रश्नचिन्ह क्वचित् भेटते.

त्याच शहरात एका चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा उभा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा येथे का, असे कोणासही वाटेल. कापूस न आल्याने चुली विझलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी 31 डिसेंबर 1862 रोजी सभा भरविली आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. जानेवारी 1863 मध्ये लिंकनने त्यांस आभाराचे उत्तर लिहिले. उपाशी माणसाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आपली उपासमार सोसावी, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहून नातवास सांगणे निराळे.

शहरे पाहून झाल्यावर आम्ही खेड्यांकडे वळलो, आणि खरे शिक्षण तेथेच झाले. मँचेस्टरच्या दक्षिणेस स्टायल नावाचे लहानसे गाव आहे. बोलिन नदीच्या घळीत, गर्द झाडीत, सॅम्युएल ग्रेग याने 1784 साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. गिरणी, कामगारांची विटांची घरे, बागा, सारे अजून नीट जतन केलेले आहे. प्रथमदर्शनी वाटते, काय हे सुख! नंतर आपणांस उमेदवार मुलांचे घर दाखवितात. अनाथगृहांतून व दरिद्री कुटुंबांतून आणलेली नऊ-दहा वर्षांची मुले येथे राहत, दिवसाचे बारा-बारा तास गिरणीत खपत आणि चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करीत. माझा नातू दहा वर्षांचा आहे. तो त्या यंत्रापाशी वाकून उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

श्रोतेहो, ज्याने वऱ्हाडातील शाळेचे हजेरीपत्रक वर्षानुवर्षे भरले आहे, त्याला ते दृश्य परके वाटणार नाही. दिवाळीनंतर वेचणीचे दिवस आले की वर्गातील मागचे दोन बाक रिकामे पडत. मी त्या नावांपुढे ‘गैरहजर’ लिहीत असे. आणि ती मुले कोठे असत, तर पऱ्हाटीच्या ओळींतून, कमरेस ओटी बांधून, बोंडे वेचीत. स्टायलच्या यंत्राखालचे मूल आणि आपल्या शेतातले मूल एकाच धाग्याच्या दोन टोकांस बांधलेली होती.

तेथून उत्तरेस, डोंगरांच्या कुशीत, डार्विन नावाचे गिरणगाव आहे. आजूबाजूस दगडी गडग्यांनी आखलेली हिरवी कुरणे व त्यांत चरणारी मेंढरे. गावावर एक प्रचंड धुराडे उभे आहे, सुमारे 300 फूट उंचीचे, 1867 साली पुरे झालेले; आणि त्या गिरणीचे नाव आहे ‘इंडिया मिल’! याच डार्विन गावी सप्टेंबर 1931 मध्ये, गोलमेज परिषदेच्या काळात, महात्मा गांधी येऊन राहिले होते. विलायती कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे काम गेले, त्यांची दुःखे प्रत्यक्ष ऐकावी असा त्यांचा हेतू होता. त्यांनी बेकारांबद्दल सहानुभूती दाखविली. पण हिंदुस्थानच्या खेड्यांतील दारिद्र्य याहून किती खोल आहे, हेही स्पष्टपणे सांगितले. असे असून गिरणीतील स्त्रियांनी त्यांचे हर्षाने स्वागत केले. त्या हसऱ्या घोळक्यात पंचा नेसलेले गांधीजी, असे प्रसिद्ध छायाचित्र तेथीलच आहे.

त्या गावात संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड होता. आम्ही एका बाकावर बसलो असता आमच्या कुटुंबाने सहज म्हटले, “इथली गिरणी बंद पडली, आपल्याकडची जिने ओस पडली, मग पैसा गेला तरी कुठे?” या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके अर्थशास्त्र मजपाशी नाही. परंतु एवढे मात्र दिसले की तेथील लोकांनी आपल्या दुःखाची आठवण जपली आहे. बंद गिरणी, उमेदवार मुलांचे घर, सौद्यांचा फलक, सारे त्यांनी मुलांस दाखविण्यासाठी राखले. आपल्याकडे मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ कापूस वाहण्यासाठीच घातलेली. आज तिच्या रुळांवर गवत वाढले आहे, आणि शाळेतील मुलांस ती का घातली होती हे सांगणारी पाटीदेखील सहसा दिसत नाही.

आणि आपले दुःख तर अजून इतिहासजमा झालेले नाही. आजही अकोल्याच्या बाजारात गाडी उभी करणारा शेतकरी आपल्या कापसाचा भाव स्वतः ठरवीत नाही. दूरच्या वायदेबाजारातील चढउताराची झळ त्याच्या काट्यापर्यंत येते. गेल्या पाव शतकात वऱ्हाडातील किती कर्त्या पुरुषांनी कर्जापायी आपले जीवन संपविले, हे आपणांस ठाऊक आहे. 1861 ते 1865 या चार वर्षांच्या तेजीनंतर जे घडले, त्याच्याशी याचे नाते काय, हे शहरात राहणाऱ्या सुशिक्षित माणसाने समजून घ्यावयास नको काय? त्या कापसाचे कपडे आपणही अंगावर घालतोच की.

म्हणून प्रवासाची तयारी करणाऱ्या गृहस्थांस व गृहिणींस माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, परदेशी जाण्यापूर्वी मुलांस आपला मुलूख दाखवा. ज्याने जीन पाहिले नाही त्याला मँचेस्टर दिसणार नाही. दुसरी, शहरांची संख्या वाढविण्यापेक्षा एखाद्या लहान गावी दोन दिवस राहा, पायी हिंडा, तेथील वृद्धांशी बोला. आम्हांस कापसाची मोडकीतोडकी भाषा येत होती, तेवढ्या भांडवलावर गिरणीत आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांस तासभर आपली हकीकत सांगितली. तिसरी, प्रत्येक मुलाच्या वहीत निघण्यापूर्वी घरचाच एक प्रश्न लिहून द्या. आपला प्रश्न कापसाचा होता. आपल्यापैकी कोणाचा संत्र्याचा असेल, कोणाचा पाण्याचा, कोणाचा आगगाडीचा.

माझ्या नातीने परत आल्यावर ती वही आपल्या वर्गात वाचून दाखविली. तेव्हा वेचणीला जाणाऱ्या एका मुलीने उठून सांगितले, की कापूस वेचताना बोटांना बोंडाची टोके कशी लागतात. ही माहिती विलायतेतील कोणत्याही संग्रहालयात नव्हती. ती नातीने शेवटच्या पानावर लिहून घेतली आहे.

यंदाच्या सुटीत आपला बेत कोठलाही असो, निघण्यापूर्वी एक सकाळ मुलांस घेऊन कापसाच्या बाजारात अवश्य जा.