एकाच गाडीतून पोलिस आणि नर्स
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे असा आपला रिवाज आहे. तो मोडून मी आज एक जुनी, कडवट आठवण सांगणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. गोष्ट माझ्या घरातली आहे आणि जिची आहे तिच्या परवानगीनेच सांगते आहे.

१९९१ साली माझी धाकटी जाऊ बाळंत झाली. बारसे झाले आणि तीन-चार दिवसांतच तिची झोप उडाली. मूल बदलले आहे, दुधात कोणी काही कालवले आहे, असे ती बोलू लागली. आम्ही दृष्ट काढली, अंगारा लावला. एका रात्री ती बाळाला घेऊन गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. खालच्या बिऱ्हाडातल्यांनी पोलिसांना बोलावले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. दोन शिपाई आले. त्यांनी बाळ सुखरूप हाती घेतले, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण पुढे काय करावे हे त्यांना ठाऊक नव्हते. खाकी कपडे पाहून ती जास्तच बिथरली. दंडाला धरून त्यांनी तिला जिन्यावरून खाली नेले, आणि ती ओली बाळंतीण रात्रभर चौकीतल्या बाकावर बसून राहिली. साऱ्या चाळीने दारे उघडून पाहिले. मी मात्र आमचे दार लावून घेतले. तिच्याबरोबर जाऊन बसावे, एवढेही मला सुचले नाही. घराची शोभा होईल, हीच भीती मोठी वाटली.

बाळंतपणानंतर हजारात एखाद-दुसरीला असा मनाचा तीव्र आजार होतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात, हे मला नंतर रुग्णालयात कळले. तीही बरी झाली. पण आजही ती म्हणते, "वहिनी, आजारातले मला फारसे आठवत नाही. तो बाक मात्र आठवतो."

पुढे २०१६ साली मी मुलीकडे इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेले होते. तिच्या शेजारी मानसिक आजारांची एक नर्स राहत असे. ती पोलिसांबरोबर एकाच गाडीतून फिरते हे ऐकून मला नवल वाटले. २०१३-१४ च्या सुमारास इंग्लंडातल्या नऊ पोलिस विभागांत हा प्रयोग सरकारी पैशाने सुरू झाला होता, आणि बर्मिंगहॅमचा भाग त्यांपैकीच एक. तिथे गाडीत तिघे असत: एक पोलिस, एक नर्स आणि एक रुग्णवाहिकेवरचा माणूस. पोलिसाने धोका पाहायचा. हातात सुरी आहे काय, गर्दी कुठवर आली आहे. रुग्णवाहिकेवाल्याने शरीर तपासायचे. कारण कधी कधी रक्तातली साखर उतरली तरी माणूस बरळतो. आणि नर्सने बोलायचे. शेवटचे कधी जेवलात, झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, असे साधेच प्रश्न. रुग्णालयातली नोंदही ती पाहू शके. पोलिसाला जो माणूस दंगेखोर दिसला असता, त्याच्या गोळ्या पंधरा दिवसांपूर्वी सुटल्या आहेत हे तिला लगेच कळे. मग घरीच ठेवून उद्या डॉक्टरांना दाखवायचे की आत्ताच न्यायचे, ते तिघे मिळून ठरवीत.

तिथला १९८३ चा कायदा आजारी दिसणाऱ्या माणसाला सार्वजनिक जागेतून सुरक्षित ठिकाणी नेण्याचा अधिकार पोलिसांना देतो. पूर्वी ते 'सुरक्षित ठिकाण' म्हणजे पोलिस कोठडीही असे, आणि मुदत बहात्तर तासांची. डिसेंबर २०१७ पासून ही मुदत सामान्यतः चोवीस तासांवर आणली, अठरा वर्षांखालच्या मुलांना कोठडी बंद केली, आणि शक्य असेल तेव्हा आधी डॉक्टर, नर्स किंवा तशाच जाणकाराचा सल्ला घ्यावा असे बंधन घातले.

तिथे सारे आलबेल आहे असे मात्र समजू नका. प्रत्येक हाकेला आम्हीच का, अशी पोलिसांची तक्रार होती. २०२० मध्ये हंबरसाइड भागात, आणि २०२३ च्या करारानंतर इंग्लंडभर, असे ठरले की गुन्हा नाही व जिवाला धोका नाही, तिथे आरोग्यखात्यानेच जावे. हे रास्तच आहे. पण पोलिसाने पाऊल मागे घ्यायचे तर नर्सचे पाऊल आधी पुढे पडले पाहिजे. नाही तर मधल्या मध्ये रोगी एकटा राहतो.

आता आपल्याकडचे. आपल्या भागात अशी गाडी नाही, पण कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे शंभरावे कलम लक्षात ठेवायला सोपे आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस रस्त्यात भटकताना आढळला, किंवा त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका दिसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यावे, कारण सांगावे, आणि लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. माझ्या जावेच्या वेळी १९१२ चा जुना कायदा होता. आज तो बाक कोणाच्या वाट्याला येऊ नये, पण कागदावरचा कायदा आपण होऊन चौकीत चालत जात नाही. तो सांगणारे कोणी तरी बरोबर लागते.

ते काम आपले आहे. जिवाला धोका दिसला तर ११२ वर फोन करावा, आणि "वेडा धिंगाणा घालतो आहे" असे न म्हणता "आजारी माणूस आहे, बाई असल्यास महिला शिपाई पाठवा" असे सांगावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. तसा धोका नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते. गर्दी पांगवावी, सुऱ्या-कात्र्या उचलून ठेवाव्यात, ओळखीच्या एकाच माणसाने हळू आवाजात बोलावे. चालू गोळ्यांची नावे चिठ्ठीवर लिहून बरोबर द्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकीने तरी रोग्याबरोबर जावे.

माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या चौकीतल्या महिला शिपायांना आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या नर्सबाईंना एकत्र बोलवावे. एकाच गाडीत त्या बसतील तेव्हा बसतील. निदान एकाच सतरंजीवर बसून एकमेकींचे फोन क्रमांक तरी घेतील. तिळगुळाची जबाबदारी माझ्या जावेने आपण होऊन घेतली आहे. ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि या वेळी मी तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे.