गाडी कुणाच्या नावावर, हप्ता कुणाच्या जिवावर?

(पनवेल येथे प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मी ट्रकवर बोलणार आहे. हसू नका. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोजा एमआयडीसी, न्हावा-शेवा बंदर, सगळं आपल्या आजूबाजूला आहे. पोराच्या हातात लायसन आलं की त्याला वाटतं, दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवायची? मग डिपॉझिटसाठी आई नाहीतर बायको गटात अर्ज घेऊन येते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिराला एका मालकाने जुना ट्रक चालवायला दिला. एक लाख डिपॉझिट, दरमहा २८ हजार. "हप्ते फिटले की गाडी तुझी," असं स्टँपपेपरवर लिहून दिलं. ते लाख रुपये मी गटातून काढले. अकरा महिने त्याने रोख पैसे दिले, पावती एकही नाही. पावसाळ्यात दोन महिने धंदा बसला, हप्ता थकला. मालक आला, चावी घेऊन गेला. आरसी मालकाच्या नावावर, फायनान्सचं कर्जही त्याच्याच नावावर. आमच्याकडे काय राहिलं? गटाचं कर्ज. ते मी शिलाई करून फेडलं.

आम्ही तेव्हा हिशोब मांडलाच नव्हता. आज मांडू. आकडे शिकण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. सहा चाकी ट्रक, कळंबोलीतून पुण्याला माल, जाऊन-येऊन २५० किलोमीटर.

भाडं ९,५०० रुपये. डिझेल ५० लिटर, ९० रुपयांनी ४,५००. टोल १,५००. दलाली, काटा, हमाली, जेवण १,०००. हातात राहिले २,५००. महिन्यात १४ फेऱ्या झाल्या तर ३५ हजार.

आता हप्ता २८ हजार. उरले ७ हजार. विमा? १२ ते २० टन वजनाच्या मालट्रकचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला ३५,३१३ रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास तीन हजार. सहा टायर दोन वर्षांत बदलायचे, एक लाख वीस हजार धरा, महिन्याला पाच हजार. झाले आठ हजार. म्हणजे एक हजार तोटा, आणि पोराचा पगार अजून धरलेलाच नाही! गॅरेज, फिटनेस, टॅक्स तर बाजूलाच.

मग ट्रकवाले जगतात कसे? परतीच्या मालावर. त्याच १४ पैकी आठ फेऱ्यांना परतीचा माल मिळाला आणि प्रत्येकी चार हजार सुटले, तर ३२ हजार वाढले. म्हणून पोराला पहिला प्रश्न हा विचारा: परतीचा माल कोण देणार? "मिळेल की" हे उत्तर नव्हे. दुसरा प्रश्न: माल भरायला गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता कशातून भरणार? निदान तीन हप्त्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

आता कागदांचं. खरं लीज किंवा कर्ज असेल तर त्या कराराची नोंद आरटीओत फॉर्म ३४ ने होते आणि आरसीवर दिसते. कर्ज फिटलं की फॉर्म ३५ ने ती उतरते. नुसत्या स्टँपपेपरने गाडी नावावर होत नाही. जुनी गाडी असेल तर तिचा विमा, फिटनेस, थकलेली चलानं एमपरिवहन ॲपवर आधी बघून घ्या. पैसे बँकेतूनच द्या. मालकाच्या नावावर कर्ज असेल तर तुमचा हप्ता फायनान्स कंपनीपर्यंत पोचतो की नाही, हे दर महिन्याला त्या खात्याच्या उताऱ्यावर बघा. मालकाने तो मधेच ठेवला तर कंपनी गाडी ओढून नेते, तुम्ही भरलेलं कुणी विचारत नाही.

करारात हेही लिहून घ्या: इंजिन बसलं तर खर्च कुणाचा, डिपॉझिट परत कधी, आणि ओव्हरलोडचा दंड कोण भरणार. तो दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असतो. जास्त माल भरायला मालक सांगतो, पकडला जातो ड्रायव्हर.

आणि जामीनदार म्हणून सही करताना थांबा. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. "नुसती सही आहे वहिनी," असं कुणी म्हणालं तरी वसुलीवाला तुमच्याच दारात येऊ शकतो.

मी पोरांच्या विरोधात नाही. नवीन लायसनवाल्याने वर्ष-दोन वर्षं पगारावर गाडी चालवावी. त्यात घाट कळतो, दलाल कळतात, कुठल्या रस्त्याला परतीचा माल आहे ते कळतं. गाडी आणि टायर तोवर मालकाचे झिजतात. तेवढ्यात घरात हप्त्याची रक्कमही साठते.

यापुढे गाडीसाठी अर्ज आला तर तीन कागद मागू या: कराराची प्रत, आरसीची प्रत आणि महिन्याचा लिहिलेला हिशोब. हिशोब पोराने मांडावा, गटासमोर वाचून दाखवावा. बसला तर आनंदाने कर्ज देऊ. नाही बसला तर अर्ज परत देताना लाजू नका. त्या दिवशी माझ्या गटाने मला हे तीन कागद मागितले असते, तर माझं लाखाचं कर्ज वाचलं असतं.