विधिसाहाय्य केंद्रे आणि संगणक



ब्रिटनमधील पहिले लॉ सेंटर 1970 साली नॉर्थ केन्सिंग्टन येथे उघडले. 2013 पासून सरकारी विधिसाहाय्याला मोठी कात्री लागली. केंद्रे संगणकाकडे वळली, हे स्वाभाविकच. परंतु वैद्यकाच्या नात्याने सांगतो, निदानाआधी औषध नको. व्हिसा आता कार्डावरून ऑनलाइन खात्यात गेला. ज्या वृद्ध मातेला ते खाते उघडता येत नाही, तिच्यापाशी वास्तव्याचा पुरावा असून नसल्यासारखाच! म्हणून प्रथम केंद्रात समोर बसून मदत करणारा माणूस हवा. मग पक्षकारांची गुप्तता राखणारी नोंदप्रणाली. चॅटबॉट सर्वांत शेवटी. आपल्यातील संगणक-अभियंत्यांनी महिन्यातील एक शनिवार जवळच्या केंद्राला द्यावा. दुभाषी म्हणून मुलांना मात्र बसवू नये. घरातील कलहाची कागदपत्रे त्यांनी का वाचावीत?