एक गाव, दोन गाद्या

माळव्यात पवारांनी धार व देवास येथे राज्ये स्थापिली. धारेस गादी एकच होती. देवासात मात्र तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंचे वंशज, थोरली पाती व धाकटी पाती या नावांनी, एकाच गावात स्वतंत्र राज्य करीत. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. दोन गाद्या मांडता आल्या, तरी मुलूख तेवढाच होता. तो वाटूनच घ्यावा लागे.

संगणकाच्या एका मदरबोर्डावर एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डे चालतील काय, हा प्रश्न याच जातीचा आहे. कार्ड ज्या खाचेत बसते तिला स्लॉट म्हणतात आणि स्लॉटातून माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गांना लेन. घरगुती संगणकाचा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डासाठी बहुधा १६ लेन देतो. कार्ड एकच असेल तर सोळाही त्याच्या. दोन असतील तर, बोर्डात तशी योजना असल्यास, प्रत्येकी आठ. पुष्कळ बोर्डांवर दुसरा स्लॉट तेवढाच लांब दिसतो. परंतु त्याच्या वाट्यास चारच लेन येतात, आणि त्याही चिपसेटमार्फत. तेव्हा स्लॉटांची लांबी पाहून भुलू नये. माहितीपुस्तिकेतील लेन मोजाव्या.

पण दोन कार्डे बसली म्हणजे काम दुप्पट होते असेही नाही. एनव्हिडियाने २००४ मध्ये दोन कार्डे जोडून एकच खेळ चालविण्याची सोय आणली. परंतु खेळाची रचनाच तशी असावी लागे. पुढे ही प्रथा मागे पडली. गणनाचे काम मात्र वेगळे, कारण ते तुकडे करून वाटता येते. पुण्याच्या सी-डॅकमधील, २०२० सालच्या 'परम सिद्धी' महासंगणकात ४२ यंत्रे असून प्रत्येकात आठ ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. ते साध्या स्लॉटांत नसून खास पटावर बसविलेले आहेत, आणि अशा एकेका यंत्रास साडेसहा किलोवॉटपर्यंत वीज लागते.

म्हणून धारेच्या वा देवासच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या कार्डावर पैसे घालण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या: लेन किती, वीज पुरेल काय, उष्णता बाहेर जाण्यास कार्डांमध्ये अंतर आहे काय, आणि आपला प्रोग्रॅम दोन्ही कार्डे वापरतो काय. चौथ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर धारेप्रमाणे एकच गादी बरी.