स्टडमध्ये अडकलेला तुकडा



आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणात उतरणाऱ्या कड्यावर आहुपे आहे. मंचर, घोडेगाव, डिंभे असं करत, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर जावं लागतं. तिथं जुलैत पाऊस आठवडा-आठवडा उघडत नाही. भाताची रोपं तयार होतात, खाचरात चिखलणी करायची असते, आणि नेमकं तेव्हाच पॉवर टिलर बंद पडला तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी मंचरच्या बाजूला डिझेल इंजिनांची दुरुस्ती करतो. आहुप्यातल्या एका बाबांनी बोलावलं म्हणून गेलो. सायलेन्सर बसवायचा 8 मिलिमीटरचा स्टड हेडच्या तोंडाशी तुटला होता. एवढं झालं असतं तर तासाभराचं काम. पण त्याआधी एका पोरानं तुटक्या स्टडला भोक पाडून त्यात इझी-आऊट ठोकला होता. इझी-आऊट म्हणजे उलट्या आट्यांची, निमुळती, कडक पोलादाची सळई. ती भोकात रुतते आणि डावीकडे फिरवली की स्टडला घेऊन बाहेर येते, अशी तिची रचना. इथं ती स्वतःच आत मोडली होती.

पोराची चूक मी मोठी मानत नाही. त्याला कुणी हिशोब सांगितला नव्हता. गंजानं जाम झालेला 8 मिलिमीटरचा स्टड ज्या जोरानं तुटला, तोच जोर 4 मिलिमीटरच्या भोकात मावणारी सळई कशी सोसेल? शिवाय निमुळती वस्तू ठोकली की ती स्टडला आतून फुगवते, आणि स्टड बिडाच्या भिंतीला आणखी घट्ट आवळून बसतो. सेंटर पंचही मारलेला नव्हता, म्हणून भोक एका अंगाला गेलं होतं.

आता साधं ड्रिल लावलं तर ते त्या कडक तुकड्यावरून घसरतं आणि शेजारचं मऊ बीड खातं. नवखा माणूस इथंच सगळं हेड घालवतो. तुकडा थोडा वर असता तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजही सुटतो, त्यामुळं हा इलाज बहुतेक वेळा लागू पडतो. पण तुकडा खोल होता आणि गावात वीज नव्हती. पंचानं फोडून पाहिला. दोन कपच्या निघाल्या, बाकीचा हलेना. घड्याळजी पितळेत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात. तो उपाय बिडाला चालत नाही, कारण तुरटीचं पाणी बीडही खातं.

शेवटी हेड उतरवलं आणि भोसरीला नेलं. तिथं स्पार्कचं मशीन असतं. तेलात बुडवलेल्या कामावर तांब्याची किंवा पितळेची काडी न टेकवता धरतात. मधल्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात आणि दरेक ठिणगी धातूचा बारीक कण वितळवून काढते. धातू किती कडक आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. 1943 साली सोव्हिएत रशियातल्या लाझारेंको पती-पत्नीनं ही रीत शोधली. ठिणगीनं विजेचे संपर्क-बिंदू झिजतात, ती झीज कशी थांबवावी याचा ते अभ्यास करत होते. थांबवायला निघालेली झीजच त्यांनी कामाला लावली. मला ही गोष्ट फार आवडते.

तुकडा निघाला, आटे वाचले. पण जाण्यायेण्यात तीन दिवस गेले. बाबांची चिखलणी थांबली नाही, कारण शेजाऱ्यांनी पडकईनं, म्हणजे एकमेकांच्या कामाला जाण्याच्या रीतीनं, बैल आणि नांगर आणले. आहुप्याची माणसं एकमेकांच्या खाचरात अशी उभी राहतात म्हणून ते निभावलं. मशीनवर विसंबलेल्या एकट्या घराचं काय झालं असतं, हे मनातून जात नाही.

म्हणून डोंगरातल्या माझ्या मेकॅनिक भावांना आणि टिलर चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. गंजलेला स्टड दिसला की आधी तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी भोवतालचं बीड तापवा आणि गरम असताना आट्यांच्या फटीला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, असा खेळवत फिरवा. स्टड तुटलाच तर बरोबर मधोमध पंच मारून भोक मोठं करत जा, आट्यांपर्यंत पातळ पापुद्रा राहील इतकं, आणि तो पापुद्रा बारीक छिन्नीनं आत दुमडून काढा. वेळ लागतो, पण हेड वाचतं. इझी-आऊटवर हाताला जोर लागू लागला, की तिथंच थांबा.

आणि मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, सायलेन्सरचे नट एकदा सोडून, ग्रीस लावून परत बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. यंदा तेवढं नक्की करा.